सातव्या वर्षाच्या अलीकडे

वर्ध्याचे नाव शिक्षणाच्या इतिहासात एका आकड्याशी कायमचे जोडले गेले आहे. तो आकडा म्हणजे सात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. देशातील प्रत्येक मुलाला सात वर्षे, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या द्वारा, मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असा विचार तेथे मान्य झाला. लगेच डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि त्यात मुलाचे वय ठरले सात ते चौदा. सातव्या वर्षानंतर मुलाने काय शिकावे, टकळी चालवावी की पुस्तक धरावे, यावर गेल्या आठ-नऊ दशकांत पुष्कळ लिहिले गेले, पुष्कळ भांडणेही झाली. पण सात वर्षे पुरी होण्यापूर्वी ते मूल कोठे होते? ते काय करीत होते, आणि त्याचा विचार कोणी केला? हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज आम्ही एवढाच प्रश्न हाती घेणार आहोत. कारण त्याचे पहिले उत्तर याच जिल्ह्यात, गावापासून दोन-अडीच कोसांवर, सेवाग्रामला शोधले गेले, आणि ते उत्तर विसरण्याची किंमत आपण अजून देत आहोत.

प्रथम हे पाहू की सातच का. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. त्यांच्यासमोर एक विलक्षण पेच होता. दारूबंदी करावी तर शाळा चालविण्याचा पैसा जातो, कारण शाळांचा खर्च पुष्कळसा दारूच्या उत्पन्नावरच चालत होता. मुलाला शिकवायचे म्हणून बापाला पाजायचे, हा व्यवहार गांधीजींना असह्य झाला. त्यांनी तोडगा सुचविला तो असा की, मुलांच्या हातांनी काही उपयोगी वस्तू निर्माण व्हावी आणि तिच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. शाळा स्वावलंबी व्हावी. या हिशेबात सात वर्षांचे मूल बसत होते. तीन वर्षांचे बसत नव्हते. तीन वर्षांचे मूल सूत कातीत नाही; कातलेच तर तुटलेले कातील! जे मूल कमावीत नाही त्याला या जमाखर्चात रकाना नव्हता.

समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रुवाला होते, कुमारप्पा होते, आपल्या वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू होते, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम करून आलेले आर्यनायकम् दांपत्य होते. या मंडळींना लहान मुलाचे महत्त्व कळत नव्हते असे म्हणणे हा अन्याय होईल. अडचण पैशाची होती, आणि अडचणीच्या वेळी माणूस ज्याचा आवाज सर्वांत बारीक त्याला बाजूला ठेवतो. घरात तसेच होते, देशातही तसेच झाले.

तसे पाहिले तर बालशिक्षणाचा विचार तेव्हा नवा राहिलेला नव्हता. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ सालीच, म्हणजे वर्धा परिषदेच्या बरोबर शंभर वर्षे आधी, लहान मुलांसाठी आपली संस्था काढली आणि पुढे तिला 'मुलांची बाग' असे नाव दिले. रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसोरी यांनी सान लोरेन्झो या वस्तीत बालगृह उघडले. ही वस्ती मजुरांची होती हे येथे मुद्दाम लक्षात ठेवावे. आईबाप कामावर गेले की जिन्यावर उंडारणारी ती पन्नासेक मुले होती. माँटेसोरींची पद्धत आज श्रीमंतांच्या मोहल्ल्यात राहावयास गेली असली तरी तिचा जन्म गरिबाघरचा आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे जाऊन मिळाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार काढला.

गांधीजींनाही हे सर्व ठाऊक होते. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले असता माँटेसोरींच्या अध्यापन वर्गात त्यांचे भाषण झाले. ही पद्धत केवळ सुखवस्तूंच्या मुलांना न मिळता कंगालांच्या मुलांनाही मिळावी, अशी आशा त्यांनी तेथे बोलून दाखविली. म्हणजे प्रश्न दिसला होता १९३१ साली, आणि तरीही १९३७ च्या योजनेतून तो निसटला.

तो परत हाती आला तुरुंगात. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात होते. तेथेच महादेवभाई गेले, तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. या बंदिवासातून सुटून आल्यावर त्यांनी तालीमी संघाच्या कार्यकर्त्यांना सांगितले की, नव्या तालमीचे क्षेत्र आता सात ते चौदा एवढेच राहू शकत नाही. ते जन्मापासून मरणापर्यंतच्या साऱ्या जीवनाएवढे झाले पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला परिषद भरली आणि शिक्षणाचे चार टप्पे ठरले: पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढशिक्षण. गांधीजी तर आणखी मागे गेले. मुलाचे शिक्षण आईच्या पोटात सुरू होते, म्हणून बालशिक्षण आणि आईचे शिक्षण ही दोन कामे नव्हेतच, असे त्यांचे म्हणणे होते. १९३७ साली ज्याला रकाना नव्हता ते मूल १९४५ साली वहीच्या पहिल्या पानावर आले.

कागदावर आलेली गोष्ट अंगणात उतरविणे हे दुसरेच काम. ते सेवाग्रामला शांताबाई नारुलकर यांनी केले. आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पूर्व-बुनियादी शाळा चालविली आणि तिच्या अनुभवांवर पुस्तकही लिहिले. या शाळेत येणारी मुले खेड्यातली, शेतकऱ्या-शेतमजुरांची. त्यांच्यासाठी आखलेल्या कार्यक्रमाचा क्रम आपण वाचला तर आजच्या शहरी पालकाला बुचकळ्यात पडल्यासारखे होईल. पहिले स्थान पोषण व आरोग्याला. मग शरीराची स्वच्छता, मग परिसराची स्वच्छता. मग आपले काम आपण करणे. मग चारचौघांत वागणे. त्यानंतर खेळ व निर्मितीचे उद्योग, बोलण्याचा सराव, गणिताची समज, निसर्गाची ओळख, चित्र आणि संगीत. अक्षरे कोठे आहेत म्हणून आपण शोधू लागतो. या वयाच्या कार्यक्रमाचा आरंभ अक्षरांपासून होत नाही, हीच तर त्यातील शिकवण आहे.

मग मुले शिकत काय होती? वर्धा जिल्ह्यातले अगदी साधे उदाहरण घेऊ. हा कपाशीचा मुलूख. पऱ्हाटी फुटली की दारापुढे कापसाचा ढीग पडतो. चार वर्षांच्या मुलाला त्या ढिगातला मूठभर कापूस निवडायला द्या. तो काडी वेगळी करतो, पान वेगळे करतो, सरकी बोटांनी चाचपून काढतो. पाहणाऱ्याला वाटते, मूल कचरा करीत बसले आहे. वस्तुतः काय चालले आहे? अंगठा आणि तर्जनी यांची पकड तयार होत आहे. उद्या लेखणी धरावयाची ती याच पकडीने. डोळा आणि हात यांचा मेळ बसत आहे. हे यासारखे, ते त्यासारखे नाही, ही वर्गवारी मनात होत आहे, आणि वर्गवारी ही गणिताची आई आहे. सरक्या ओळीत मांडल्या की संख्या येते. दोन ढीग शेजारी ठेवले की कमी-जास्त येते. शेजारच्या मुलाला 'माझ्याहून तुझा पांढरा' असे सांगितले की भाषा येते. आणि हातातले काम पुरे होईपर्यंत बसून राहिले की जे येते त्याला आपण मोठेपणी चिकाटी म्हणतो. तांब्यातून फुलपात्रात न सांडता पाणी ओतणे, आपली वाटी आपण घासणे, झाडाला पाणी घालणे, या साऱ्यांचा अर्थ असाच लावता येईल.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक झाला. मोठ्या मुलाच्या बाबतीत उद्योगातून उत्पन्न निघावे असा आग्रह होता. लहान मुलाच्या बाबतीत तो नव्हता. मूल काम करते ते विकण्यासाठी नव्हे, वाढण्यासाठी. किती निवडले हे मोजावयाचे नाही. कसे निवडतो हे पाहावयाचे. शिक्षिकेचे मुख्य काम शिकविण्यापेक्षा पाहण्याचे. बालकेंद्री शिक्षण हा शब्द आज फार सैल वापरला जातो. भिंतीवर ससा-कासव रंगविले की शाळा बालकेंद्री होत नाही. मुलाच्या गतीने मोठ्या माणसाला चालावे लागते, तेव्हा ती होते.

याविरुद्ध दोन आक्षेप होते आणि ते दोन्ही खोटे नव्हते. पहिला शेतमजूर बापाचा. तो म्हणे, 'कापूस निवडणे पोराला मी घरीच शिकवीन; शाळेत पाठवतो ते अक्षरासाठी.' ज्याच्या सात पिढ्यांना अक्षराची बंदी होती त्याला अक्षर हाच सुटकेचा दरवाजा वाटला तर त्यात नवल काय? दुसरा आक्षेप त्याहून टोकदार. गरिबाच्या मुलाच्या हाती झाडू आणि श्रीमंताच्या मुलाच्या हाती पाटी, अशी वाटणी या योजनेने पक्की होणार नाही का? या आक्षेपांना उत्तर एकच होते. ते म्हणजे झाडू आणि पाटी दोन्ही साऱ्याच मुलांच्या हाती देणे, आणि अक्षर नाकारायचे नसून त्याची मशागत आधी करायची आहे हे बापाला पटविणे. हे उत्तर देशाने दिले नाही. सरकारी शाळांवर 'बुनियादी' अशा पाट्या लागल्या, आत जुनीच शाळा चालू राहिली. आणि ज्यांना परवडले त्यांनी आपली मुले दुसरीकडे घातली. सेवाग्रामचा प्रयोगही पुढे ओसरला. २००५ साली त्याच परिसरात 'आनंद निकेतन' शाळा उभी राहिली आणि धागा पुन्हा जोडला गेला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

सेवाग्रामला जे चालले होते त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी, ताराबाई मोडक तोच प्रश्न सोडवीत होत्या. दादरचा शिशुविहार नावारूपाला आला असता, १९४५ च्या अखेरीस त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या. माँटेसोरींची लाकडी साधने खेड्याला परवडण्यासारखी नव्हती. ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. सेवाग्रामला जे काम कापसाने केले ते बोर्डीला शिंपल्यांनी केले. पण खरी अडचण पुढेच होती. ज्यांच्यासाठी बालवाडी काढली ती वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की त्यामागची पायपीट आपण विसरलो. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये सुरू झाले. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ पर्यंत त्या टेकडीवर राबत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी असेच पडले. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेपूर्वीचे शिक्षण एका अंगणात एकत्र करणे, यात सेवाग्रामच्या कार्यक्रमाचा तो क्रम आपल्याला ओळखू यावा.

हे सारे निव्वळ भावनेचे होते काय? आता विज्ञानही त्याला साक्ष देते. मुलाचा मेंदू सहाव्या वर्षापर्यंत आकाराने प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. पण आकारापेक्षा वापर महत्त्वाचा, आणि याविषयीचा एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटतो. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली गेली. सगळी दोन वर्षांच्या आतली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाई आणि आईला मुलाशी खेळायला शिकवी. खेळणी घरी केलेली, टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही दिले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ती मुले शोधून काढली, तेव्हा ज्यांच्याशी आई खेळली होती त्यांची कमाई इतरांहून सुमारे पंचवीस टक्के अधिक आढळली. निव्वळ आहाराचा परिणाम मात्र टिकला नव्हता. आहार नको असा याचा अर्थ नाही. उपाशी मूल खेळत नाही. अर्थ इतकाच की पोट भरले म्हणजे काम संपले असे नाही. आणि आईला शिकविल्याशिवाय मूल शिकत नाही हे गांधीजींचे म्हणणे आकड्यांनीही खरे केले.

असे असता आपण काय केले? २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले होते. 'चौदापर्यंतच्या सर्व' या शब्दांत तीन वर्षांचे मूलही होते. पुढे २००२ साली शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, ही आनंदाची गोष्ट. पण तो हक्क दिला गेला सहा ते चौदा वयाच्या मुलांना. सहाच्या आतले मूल 'राज्य प्रयत्न करील' या वाक्यात राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही तीन ते सहा वयोगटासाठी शासन व्यवस्था 'करू शकेल' असेच म्हटले. १९३७ साली जे मूल जमाखर्चातून सुटले तेच पासष्ट वर्षांनी हक्कातून सुटले. पहिल्या वेळी चूक आठ वर्षांत दुरुस्त झाली, कारण चूक करणारेच ती पाहत होते. दुसऱ्या वेळी २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण यावे लागले. त्या धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, खेळ आणि घरची भाषा यांना त्यात मान दिला आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे, आणि टप्पा आखला म्हणजे अंगण झाडले गेले असे नाही.

हा दोष सर्वस्वी सरकारवर टाकून आपण नागरिक मोकळे होऊ शकत नाही. गावात गरिबाच्या मुलाला मिळाले नाही, तर शहरात आपल्या मुलाला आपण नको ते दिले. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबावयाची, प्रवेशासाठी त्याची मुलाखत घ्यावयाची, घरी जी भाषा बोलत नाहीत तीत त्याच्याकडून फळांची नावे पाठ करवून पाहुण्यांपुढे म्हणवून घ्यावयाची, याला आपण प्रगती म्हणतो. १९९३ साली यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठीच्या परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात असे सांगितले, २००९ च्या कायद्याने मुलांची अशी चाळणी लावणे हा गुन्हा ठरविला. तरी ती हौस गेलेली नाही. ज्याची बोटे अजून गुंडी लावू शकत नाहीत त्याच्याकडून आपण ओळीत अक्षर मागतो आणि ते वाकडे आले की त्यालाच मंद ठरवितो. गिजुभाई आणि ताराबाई जन्मभर झगडल्या त्या याच गोष्टीशी.

आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या प्रत्येकाच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर त्यांतली एक तरी असेल. तीत काम करणाऱ्या बाईला पगार नाही, मानधन मिळते. आणि तिच्याकडून आहार, लसी, नोंदवह्या, सर्वेक्षणे यांबरोबर बालशिक्षणाचीही अपेक्षा केली जाते. दिवसाच्या शेवटी जे काम राहून जाते ते बहुधा मुलाशी बोलण्याचे. कारण त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. व्याख्यान ऐकून घरी जाताना मोठ्या सुधारणेची प्रतिज्ञा करू नका. उद्या सकाळी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या दारात जा आणि पाहा. तेथे पाणी आहे का, सावली आहे का, हाताळायला चार वस्तू आहेत का, आणि बाईला मुलांकडे पाहायला सवड आहे का. नसेल तर ती मागायला तिच्या बाजूने उभे राहा. आणि घरी नातू कोपऱ्यात बसून डाळीतले खडे निवडीत असेल, तर त्याला उठवून पाटीवर बसवू नका. त्याची शाळा सुरू झाली आहे. सेवाग्रामला १९४५ साली ती ओळखणारी माणसे होती. आपल्यालाही ती ओळखता आली पाहिजे.